तळेआळी स्पोर्टिंगचा पंचाहत्तरावा हंगाम

रविवार, ७ सप्टेंबर

क्लबचा इतिहास मी लिहायचा, असं आज कमिटीत ठरलं. ठरलं म्हणजे अध्यक्ष आलोशियसभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि बाकीच्यांनी पंख्याकडे. तळेआळी स्पोर्टिंगचा हा पंचाहत्तरावा हंगाम, म्हणून स्मरणिका काढायची आहे. मी माणिकपूरच्या शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका, नऊ वर्षं क्लबची सेक्रेटरी, आणि या तालुक्यात माईकसमोर कुणाच्या बापाला न घाबरणारी बाई. म्हणजे काम माझंच.

स्मरणिकेत जे लिहिता येणार नाही ते इथे लिहीन.

सुरुवात तरी सुंदर आहे. तळेआळीचा सॅन्टन मुंबईत गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यात मैदानावर पाणी मारायच्या कामाला होता. साहेब देश सोडून निघाले तेव्हा त्यांच्यातल्या एकाने आपल्या गावच्या फुटबॉल क्लबच्या अकरा जर्सी त्याला देऊन टाकल्या. प्रत्येक अर्धी तपकिरी, अर्धी आकाशी, छातीवर घंटा. सॅन्टन त्या घेऊन निर्मळला, म्हणजे आमच्या गावी, परतला. अकरा जर्सी होत्या म्हणून त्याने अकरा माणसं गोळा केली. "सात असत्या तर आज आपण कबड्डी खेळत असतो, टीचर," आलोशियसभाऊ म्हणाले.

मी इंटरनेटवर शोधलं. घंटेवाला तो क्लब इंग्लंडच्या एका लहानशा गावात अजून जिवंत आहे. तिथल्या नावाजलेल्या क्लबांच्या कितीतरी पायऱ्या खाली. गेल्या शनिवारी त्यांच्या सामन्याला दीडशे माणसंही नव्हती. आमच्या बांधावर त्याहून जास्त बसतात.

गुरुवार, १८ सप्टेंबर

इतिहासात विजय फार नाहीत. वांद्र्याला एकदा अंतिम सामन्यात गेलो आणि नऊ गोल खाऊन आलो. गोलकीपर आलोशियसभाऊच होते. "नऊ दिसले तुम्हाला. अडवलेले कुणी मोजले?" असं ते अजून विचारतात. तालुक्याचा कप एकदाच मिळाला, तोही समोरच्या संघाला अंधार पडायच्या आत घरी जायचं होतं म्हणून.

खरा इतिहास मैदानाचा आहे. मैदान म्हणजे नर्मदाबाई राऊतांचं भाताचं शेत. पावसाळ्यात भात, नंतर फुटबॉल. भात तयार झालं की आमचे खेळाडू विळे घेऊन उतरतात आणि एका रविवारात सगळं कापून देतात. मग धसकटं काढायची, पाणी मारायचं, दगडी रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या. मे संपला की गोलपोस्ट उपटून नर्मदाबाईंच्या गोठ्यात ठेवायचे आणि शेत नांगराच्या ताब्यात द्यायचं. चौऱ्याहत्तर वर्षं हे असंच चाललंय. कागद नाही, करार नाही.

पण एक रीत आहे, आणि ती माझ्या घशाखाली कधीच उतरली नाही. आगेरा, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेण्याचा सण, झाला की पुढच्या रविवारी क्लबच्या अध्यक्षाने नारळ घेऊन राऊतांच्या ओटीवर जायचं, उभं राहायचं आणि विचारायचं, "काकी, यंदा खेळू का?" मग काकींनी म्हणायचं, "खेळा." दर वर्षी. जणू दर वर्षी आम्ही भिकारी म्हणून नव्याने जन्माला येतो.

गेल्या वर्षी मी सोबत होते. नर्मदाबाईंचा मुलगा सुधाकर, कामणच्या गोदामांना टेम्पो लावतो, खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. सत्तरीचे आलोशियसभाऊ उभे, आणि तो बसलेला. मान वरसुद्धा केली नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं.

रविवार, २१ सप्टेंबर

कमिटीत मी मुद्दा मांडला: यंदा विचारायला जायचं नाही. ज्या जमिनीवर आपण चौऱ्याहत्तर वर्षं राबलो, तिथे पाय ठेवायला परवानगी मागणं हा त्या श्रमांचा अपमान आहे. मी कुळांच्या लढ्यांबद्दल बोलले, जमिनीच्या कायद्यांबद्दल बोलले. पोरांचे डोळे चमकले.

आलोशियसभाऊ म्हणाले, "टीचर, विचारायला काय जातं? तोंडच दमतं ना?"

"प्रश्न तोंडाचा नाही, कण्याचा आहे," मी म्हटलं.

"माझा कणा सॅन्टनबाबाच्या वेळेपासून वाकडाच आहे," ते म्हणाले. सगळे हसले. मग हळूच म्हणाले, "विचारलं की तीपण वर्षातनं एकदा मालकीण होते हो. एरवी तिला घरात कोण विचारतं?"

भला माणूस. पण भली माणसंच अन्यायाला पाट मांडून देतात. मतदान घेतलं. माझ्या बाजूने सगळे, विरोधात ते एकटे. मग त्यांनीही हात वर केला. "एकमत लिहा," म्हणाले.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

अमृतमहोत्सवाचं उद्घाटन. आयुष्यातली पहिल्या पाचातली सभा. चर्चमागचा हॉल भरून माणसं रस्त्यावर उभी होती. गावातली जुनी हिंदू घरं, ख्रिस्ती घरं, नव्या बिल्डिंगांतली माझ्यासारखी बाहेरून आलेली माणसं, सगळी एका जागी. मी सॅन्टनच्या जर्सीपासून सुरुवात केली. सातासमुद्रापलीकडच्या त्या घंटेवाल्या क्लबाचं उदाहरण दिलं. मग म्हटलं:

"आपण या मैदानावर पाहुणे नाही. पाहुणा पंचाहत्तर वर्षं राहत नाही, आणि पाहुणा यजमानाचं भात कापत नाही! सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो, ज्यांनी हे शेत कापलं, हे मैदान त्यांचं!"

टाळ्या थांबेनात. मी पन्नास वर्षं बोलतेय. टाळ्यांचे प्रकार मला कळतात. या पोटातून आलेल्या होत्या.

नर्मदाबाईंची नात, सुधाकरची मुलगी जागृती, आमच्या मुलींच्या संघाची कॅप्टन. ती दुसऱ्या रांगेत होती. मुलींचा संघ व्हावा म्हणून नऊ वर्षांपूर्वी मी याच हॉलमध्ये भांडले होते, तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि बाकावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. आज तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. हातात मोबाइल होता, बहुतेक रेकॉर्ड करत असावी.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज विचारायला जायचा दिवस. गेलो नाही.

सकाळी आलोशियसभाऊंकडे गेले तर ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ओट्यावर बसलेले. शेजारी नारळ. "सवय," म्हणाले. मी तिथेच बसून राहिले, उगाच त्यांचा पाय घसरायला नको. दुपारी त्यांनी शर्ट बदलला आणि त्या नारळाची चटणी झाली.

शेतात अजून भात उभं, म्हणून मुली तळ्याकाठी पळायचा सराव करतात. संध्याकाळी तिथे जागृती म्हणाली, "टीचर, आजी विचारत होती, आलूभाऊ आजारी आहेत का?"

"ठणठणीत आहेत म्हणून सांग."

"तसंच सांगू?"

"अगदी तसंच."

म्हणजे त्या घरात चलबिचल सुरू झाली. मालकीच्या सिंहासनाखालची माती सरकली की पहिला प्रश्न असाच येतो.

रविवार, १९ ऑक्टोबर

जागृती सांगत होती, आजीने आजही सकाळपासून ओटी झाडून घेतली होती. कपबशा खाली काढल्या होत्या. वडील म्हणाले, "कुणी येत नाही आता, आई. त्यांना गरज नाही." 

दिवाळी तोंडावर आहे. आवराआवर करत असतील, असं मी म्हटलं.

जागृती बुटांची लेस बांधत बसली. बराच वेळ बांधत होती.

सोमवार, २७ ऑक्टोबर

पाऊस थांबायचं नाव नाही. भात आडवं झालंय. स्मरणिकेची पंधरा पानं झाली. परेशचा पुण्याहून फोन. "आई, या वयात परत कुणाशी भांडू नकोस." मी म्हटलं, "मी कुणाशी भांडत नाही. मी लोकांना सांगते की त्यांचं काय आहे." तो म्हणाला, "तेच म्हणतोय मी." माझा मुलगा माझ्यासारखा झाला नाही. कधी त्याचं वाईट वाटतं, कधी वाटत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

पाऊस उघडला म्हणून पोरं नेहमीप्रमाणे विळे घेऊन बांधावर गेली. मीही गेले. शेतात आधीच बाहेरून आणलेली माणसं कापत होती. सुधाकर बांधावर उभा.

कुणीतरी म्हणालं, "सुधाकरदादा, आम्ही आहोत ना."

"नको," तो म्हणाला. "एका पेंडीलाही हात लावायचा नाही."

"अरे, दर वर्षी..."

"दर वर्षीचंच तर झालं सगळं. जो कापेल त्याचं मैदान ना? ह्या टीचर बोलल्यात तुमच्या. माझ्या फोनवर आहे. सासऱ्यांनी पाठवलं, वकिलानं पाठवलं, कामणच्या गोदामवाल्यानंसुद्धा पाठवलं. म्हणाला, सुधाकरभाऊ, तुमच्या जमिनीला कुळं लागलीत वाटतं." मग माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही मला शिकवलंय. आठवीला. म्हणून हात जोडून सांगतो. पोरांना घेऊन जा."

मी म्हटलं, "सुधाकर, भीती कशाची वाटते तुला?"

"तुमची," तो म्हणाला.

पोरं विळे हातात धरून तशीच उभी होती. घरी नेताना ते लपवावे की कसे धरावे, हे त्यांना कळत नव्हतं. आलोशियसभाऊ वाकून बांधावर पडलेल्या चार लोंब्या उचलायला गेले. मग काय वाटलं कोण जाणे, त्या तिथेच ठेवून सरळ झाले.

माझं मन मात्र खचलेलं नाही. समोरचा माणूस 'भीती' हा शब्द उच्चारतो, तेव्हा लढा सुरू झालेला असतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

वकिलाची नोटीस आली. क्लबचा जमिनीवर कसलाही हक्क नाही, आजवरचा वापर मालकाच्या मेहेरबानीने होता, ती मेहेरबानी आता काढून घेतली आहे. माझं भाषण शब्दशः छापलंय. एक स्वल्पविरामसुद्धा चुकलेला नाही.

आलोशियसभाऊंनी दोनदा वाचली. "मेहेरबानी," म्हणाले. "शब्द वाईट आहे. पण होती तीच."

मी त्यांच्याशी दोन तास वाद घातला. ते ऐकून घेतात, मान हलवतात, आणि जिथे होते तिथेच असतात. नऊ गोल असेच खाल्ले असतील.

रविवार, २३ नोव्हेंबर

पत्रे लागले. चारही बाजूंनी, माणसाच्या डोक्याहून उंच. गोलपोस्ट गोठ्यातून काढून रस्त्याकडेला ठेवलेत. आडवे पडलेले. त्यांच्यावर कुणीतरी चादर वाळत घातली होती.

मी फाटकासमोर बोलले. पंचवीसएक माणसं होती. चांगलं बोलले. पण रस्त्यावरून दुचाक्या जात होत्या आणि प्रत्येक दुचाकीला वाट द्यायला श्रोते दोन्हीकडे सरकत होते. सरकलेल्यांतले काही परत जागेवर आले नाहीत.

मंगळवार, २ डिसेंबर

सरावाला सहा मुली. कुठे सराव करायचा? तळ्याकाठच्या अरुंद पट्टीवर पास देत होत्या. चेंडू पाण्यात गेला. कुणी उडी मारली नाही. काठीने ओढायचा प्रयत्न करून कंटाळल्या आणि घरी गेल्या. चेंडू मी वाऱ्याने काठाला लागेपर्यंत थांबून आणला.

शनिवार, ६ डिसेंबर

सुधाकर कामणला गेलेला असतो ती वेळ साधून आज नर्मदाबाईंकडे गेले. एकटी. विनवणी करायला नव्हे, शत्रूच्या गोटातली माहिती काढायला, हे लिहून ठेवते.

त्या ओटीवर शेंगा सोलत होत्या. ऐंशीच्या पुढच्या. "या बाई," म्हणाल्या. "उशीर केलात."

मी बसले. मुद्द्यावर आले. हे पत्रे, ही नोटीस तुमच्या संमतीने आहे का?

"अंगठा माझाच हाय," त्या म्हणाल्या. "जमीन माझ्या नावावर. मी नाय म्हटलं असतं तर काय झालं नसतं."

"मग का दिलात?"

त्यांनी दोन-तीन शेंगा सोलल्या.

"बाई, सुधाकर दहा-बारा वर्षं मागं लागलाय. दर दिवाळीला. आई, विकूया, गोदामवाले बघतायत. मी त्याला म्हनायची, अरे, मी पोरांना खेळा म्हटलंय. यंदाचा शब्द गेला माझा. फुडल्या साली बघू. फुडल्या साली परत आलूभाऊ नारळ घेऊन उभा. परत माझा शब्द गेला. असं साल साल करून मी ढकलत होते. पोरगा चिडायचा, पन आईचा शब्द मोडायचा नाय. तेवढा तो चांगला हाय." मग म्हणाल्या, "यंदा कोन आलाच नाय. मी दोन रविवार वाट बघितली. दिवाळीला तो म्हनाला, आई, यंदा तर तू कुनाला काय बोलली नाहीस. मग मी कशाच्या जोरावर नाय म्हनू?"

माझ्या तोंडून निघालं, "पण काकी, तुम्ही निरोप का नाही पाठवलात?"

त्या हसल्या. खरंच हसल्या. "मी निरोप धाडू? या, आनि मला विचारा?"

पाणी प्यायले. निघताना त्या म्हणाल्या, "हे बाहेर काढू नका, बाई. पोरगा वाईट नाय. टेम्पोचा कंटाळा आलाय त्याला. लोक नायतर बोलतील, आईवर जोर केला म्हनून. त्यानं जोर नाय केला."

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे वचन होतं का, हे मी घरी येताना ठरवत होते.

रविवार, ७ डिसेंबर

रात्रभर झोप नाही. एकदा वाटतं, हे आपण केलं. मग विचार करते: आपण काय केलं? एका खोट्या नात्यावरचा पडदा काढला. ज्या मैदानाचं अस्तित्व एका म्हातारीच्या 'खेळा'वर टांगलेलं होतं, ते आज ना उद्या पडणारच होतं. त्या गेल्यावर कुणाला विचारणार होतो आपण? हा मुद्दा बिनतोड आहे.

बिनतोड आहे, पण त्याने झोप येत नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

परवा शेवटची मोठी सभा. लोक थकलेत. त्यांना कायदा नको, त्यांना माणसाची गोष्ट लागते. आणि गोष्ट माझ्याकडे आहे. एक आई मुलाला वर्षानुवर्षं थोपवते, ते एका शब्दाच्या बळावर! यापेक्षा मोठं काय असतं? ही एका घराची खाजगी बाब राहिलेली नाही. हे गावाचं आहे. अर्थात नाव घ्यायचं नाही.

रविवार, १४ डिसेंबर

नाव घेतलं.

घेणार नव्हते. पण वाक्य असं उभं राहिलं की नावाशिवाय ते पडलं असतं. "त्या नर्मदाबाईंना विचारा, पोटच्या पोराला त्या किती वर्षं थोपवत होत्या!"  मग बायका रडू लागल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "सुधाकरला काढा गावाबाहेर!" मी हात वर करून थांबवलं. थांबवलं, हे इथे नमूद करते. पण तोवर तीन-चार जण निघाले होते.

आलोशियसभाऊ सभा संपायच्या आधीच उठून गेले. गुडघा दुखत असेल.

सोमवार, १५ डिसेंबर

काल राऊतांच्या अंगणात शिवीगाळ झाली. टेम्पोची काच फुटली. आपल्या क्लबातलं कुणी नव्हतं, असं सगळे म्हणतात. हे कृत्य निषेधार्ह आहे. तसं पत्रक मी काढलं.

बुधवार, १७ डिसेंबर

जागृती आली. दारातच उभी राहिली. बस म्हटलं, बसली नाही.

"आजीला विरारला आत्याकडे नेलं," म्हणाली. "ती जाणार नव्हती. पप्पा म्हणाले, इथे राहिलीस तर लोक म्हणतील मी तुला डांबून ठेवलंय. स्वतःच गेली मग. गोठ्याकडे बघून आली आणि गाडीत बसली."

मी म्हटलं, "जागृती, मी जे बोलले ते तुझ्या आजीच्या मोठेपणाबद्दल बोलले."

"हो टीचर. खूप छान बोललात. मी परत ऐकलं." मग म्हणाली, "पप्पा जेवत नाहीत नीट. ते वाईट नाहीत, टीचर. माझे बूट त्यांनीच आणलेत. पहिल्यापासून सगळे."

"तू सरावाला येणार ना?"

तिने अशा नजरेने पाहिलं, जशी शाळेत चुकीच्या पानावरून वाचणाऱ्या मुलाकडे बाकीची मुलं बघतात. चुकीचं पान माझं होतं बहुतेक. कुठलं, ते कळलं नाही. ती गेल्यावर दार बराच वेळ उघडंच होतं.

बुधवार, ३१ डिसेंबर

जमिनीचा व्यवहार झाल्याचं कळलं. मुरमाचे ट्रक सुरू झाले. माझ्या गॅलरीतून रस्ता दिसतो, शेत दिसत नाही. ट्रक मोजायचे नाहीत, असं ठरवलंय.

रविवार, ११ जानेवारी

क्लबची सर्वसाधारण सभा. ठराव: तळेआळी स्पोर्टिंग बंद करून खेळाडू शेजारच्या बावखल बॉइजमध्ये द्यायचे. त्यांचं मैदान चर्चच्या आवारातलं आहे, पक्कं. ते मुलींनाही घेतील.

मी विरोधात बोलले. चाळीस मिनिटं. पंचाहत्तर वर्षांचं नाव, जर्सी, चौऱ्याहत्तर कापण्या. मैदान नसतानाही क्लब असतो, कारण क्लब म्हणजे माणसं. मी हे मनापासून बोलले. एवढ्या मनापासून दसऱ्यालाही बोलले नव्हते. संपलं तेव्हा सगळे उभे राहिले. टाळ्या वाजवल्या. दोन पोरं डोळे पुसत होती.

मग मतदान झालं. त्याच हातांनी ठरावाच्या बाजूने हात वर केले. ठरावाविरुद्ध मी एकटी.

आलोशियसभाऊ अध्यक्ष म्हणून शेवटपर्यंत थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "टीचर, एकमत लिहू का?"

मी म्हटलं, "नाही. एक विरोध लिहा."

"बरं," म्हणाले, आणि लिहिलं.

सोमवार, १९ जानेवारी

पत्रे काढले. आता पत्र्यांची गरज नाही. मुरूम बांधाच्या वर गेलाय. बांध कुठे होता ते फक्त ताडाच्या झाडांवरून कळतं. बसस्टॉपवर एक नवा भाडेकरू मला विचारत होता, "इथे काय होतं?" मी सांगायला सुरुवात केली. त्याची बस आली.

रविवार, २५ जानेवारी

इतिहास पूर्ण झाला. आठवडाभर दुसरं काही केलं नाही. शेवटचं प्रकरण या हंगामाचं आहे. मी काही लपवलेलं नाही. कमिटीतलं मतदान, माझं भाषण, बांधावरचे विळे, नर्मदाबाईंची ओटी, त्यांचं बोलणं जसंच्या तसं. माझीही बाजू घेतलेली नाही. फार घेतलेली नाही. आजवर लिहिलेल्या सगळ्यात हे उत्तम आहे, हे मला कळतं. स्वतःच्या लिखाणाबद्दल मी कधी खोटी नम्रता बाळगली नाही.

क्लब नसला तरी पुस्तिका निघू शकते. छापखान्यात पानं लावून तयार आहेत. फक्त हो म्हणायचं आहे.

दुपारी ती घेऊन आलोशियसभाऊंकडे गेले. चष्मा सापडेना, म्हणून म्हणाले, तुम्हीच वाचा. मी शेवटचं प्रकरण वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. नर्मदाबाई 'मी निरोप धाडू?' म्हणतात तिथे हसले, आणि हसू तोंडावर तसंच राहिलं, पण ते हसत नव्हते. मी वाचून संपवलं. मागच्या दारी कोंबडा बांग देत होता, भर दुपारी.

"फार छान लिहिलंय, टीचर," ते म्हणाले. "हे असं कुणाला जमलं नसतं. काकी समोर बसल्यागत वाटली."

"मग उद्या छापायला सांगते."

"नको."

"का? एक शब्द खोटा आहे का यात?"

"नाही."

"मग?"

त्यांनी पानं माझ्या हातातून घेतली, नीट एकावर एक लावली, कडा जुळवल्या आणि परत माझ्या मांडीवर ठेवली.

"तुम्ही काकीला विचारलंत?" म्हणाले. "सुधाकरला?"

मी म्हटलं, इतिहास लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. हे मी वीस वर्षं वर्गात शिकवलंय, आणि ते खरं आहे. इतिहासकार विचारत बसला असता तर जगात एकही खरं पान लिहिलं गेलं नसतं. मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली. मग पॉलिनला, त्यांच्या बायकोला, चहा टाकायला सांगितला. आम्ही चहा प्यायलो. बावखल बॉइजने मुलींच्या जर्सी लाल केल्यात, असं पॉलिन म्हणाली. लाल मळत नाही लवकर.

छापखानेवाल्याचा आत्ता फोन येऊन गेला. मी उचलला नाही. उद्या सकाळी परत करेल. विरारचा पत्ता जागृतीकडे असेल. ती फोन उचलेल का, माहीत नाही.